त्या डोंगरावर वाईनची द्राक्षं? आधी एत्नाचं ऐक

प्रिय संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकावा लागला, मागे ब्लोअर चालू होता. गावामागच्या डोंगरावरची पडीक जमीन घ्यायची आणि वर वाईनची द्राक्षं लावायची, कारण उंचावरच्या जुन्या वेलींची रेड वाईन जगात भारी, असं तू कुठल्यातरी व्हिडिओत बघितलंस. व्हिडिओ खोटा नाहीये. पण मी ऑक्टोबरात सिसिलीत एत्ना ज्वालामुखीच्या उत्तर उतारावर फिरून आलोय, म्हणून सविस्तर लिहितो, फोनवर तू मधेच बोलतोस.

रांदात्सो ते लिंग्वाग्लोस्सा हा तो पट्टा, बागा साधारण ६०० ते १००० मीटरवर, म्हणजे जिथे आपलं नाशिक आहे तिथून त्यांची सुरुवात. द्राक्षाची जात नेरेल्लो मास्कालेझे. मांडव नाही, वाय आकाराचे अँगल नाहीत, जुन्या बागेत तारासुद्धा नाहीत, एकेक वेल चेस्टनटच्या खांबाला बांधलेली, झुडपासारखी, तिकडे आल्बेरेल्लो म्हणतात. हेक्टरी आठ हजारांच्या आसपास वेली असतात, मग ट्रॅक्टर शिरणार कुठून, सगळं कुदळीनं. आणि बांध सगळे काळ्या लाव्हाच्या दगडाचे, बिनचुन्याचे रचलेले, आपल्याच काळ्या पाषाणाच्या जातीतला दगड, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षं जुना आणि त्यांचा अजून वरून येतोच आहे. १९८१ साली रांदात्सोजवळ लाव्हा बागा, रस्ता, रेल्वे सगळं गिळून थेट नदीपर्यंत गेला होता.

एका वेलीपाशी उकिडवा बसून नीट बघितलं. खोड माझ्या मांडीएवढं, पिळलेलं, मधून पोकळ, सालीच्या पापुद्र्यात काळी राख अडकलेली. आणि घड किती? चार-पाच, तेही एक्स्पोर्टवाला बघताक्षणी रिजेक्ट करेल असे. पण खाली खुंट नाही बरं का! तुझ्या बागेत जसं डॉगरीजच्या मुळावर कलम केलंय तसं काही नाही, वेल स्वतःच्या मुळावर. युरोपातल्या बागा फिलॉक्सेरानं खाल्ल्या, त्या किडीला ज्वालामुखीच्या भुसभुशीत वाळूत टिकता येत नाही, त्यामुळे शंभरी ओलांडलेल्या वेली इथे अजून उभ्या आहेत. एखादी मेली की शेजारणीची काडी वाकवून मातीत पुरतात, दाब कलमच की. मग बागेचं वय नेमकं किती धरायचं, हे मालकालाही सांगता येत नाही.

आता वाईन. रंग बघून तू म्हणशील पाणी घातलंय, कोकम सरबताएवढाच लाल, ग्लासमागचं बोट दिसतं. तोंडात घेतली की आंबट चेरी, संत्र्याची साल, थोडा धुरकट वास, आणि मग जिभेच्या कडांना तुरटपणा जो हळूहळू चढतो. जड नाही, गोडसर नाही, लाकडाचा वास नाही. लोक फ्रान्सच्या बरगंडी वाईनशी तुलना करतात, मला ती जास्त करून उत्तर इटलीतल्या बारोलोच्या जवळची वाटली. हे येतं कुठून? दिवसा सिसिलीचं ऊन आणि रात्री चांगलाच गारठा, त्यामुळे शुगर सावकाश चढते, आंबटपणा टिकतो, तोडणी पार ऑक्टोबरच्या मध्यावर किंवा नंतर. जुन्या वेलीचा वाटा आहेच, पण जुनं म्हणून चांगलं असं मी मानत नाही. वाईट जागेवरच्या बागा केव्हाच गेल्या, चांगल्या जागेवरच्याच आपल्याला दिसतायत.

आणि त्या टिकल्या त्यामागे कुणाची दूरदृष्टी वगैरे काही नाही. पोरं गाव सोडून गेली, म्हातारे राहिले, बाग काढून नवी लावायला पैसा कुणाकडे होता? १९६८ साली एत्नाच्या वाईनला डीओसी, म्हणजे इटलीतला प्रदेशाच्या नावाचा सरकारी दर्जा, मिळाला तरी चित्र फारसं बदललं नाही. बेनान्तीसारखे तिथलेच वाईनवाले १९८८ पासून धडपडत होते, मग २००० च्या आसपास बेल्जियमचा फ्रँक कॉर्नेलिसेन, तस्कनीत वायनरी असलेला आंद्रेआ फ्रांकेत्ती असे बाहेरचे आले आणि मग भाव आला. भाव नसता तर कुदळीचा खर्च परवडलाच नसता, हे लक्षात ठेव.

म्हणून तुझा डोंगर. संज्या, नुसती उंची कामाची नाही रे. तिकडे वेल हिवाळाभर झोपते, तेव्हा ती शंभर वर्षं चालते. आपली झोपतच नाही, म्हणून तर एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, वर्षातून दोनदा तिला राबवायची, मग पंधरा-वीस वर्षांत बाग थकते. त्यात सह्याद्रीत घाटमाथ्याकडे जितकं सरकशील तितका पाऊस वाढतो, आणि ओलाव्यात येणाऱ्या डाऊनी रोगाचं तुला मी काय सांगू. शिवाय आपली तोडणी जानेवारी ते मार्च, शेवटी शेवटी ऊन तापायला लागतं, त्यांच्याकडे त्याच टप्प्यावर गारवा वाढतो.

लगेच हिरमुसू नकोस. तुझा डोंगर पूर्वेला आहे, पाऊस कमी, हे मला माहितीये. जमीन घ्यायच्या आधी वर एक साधा थर्मामीटर टांग आणि डिसेंबर ते मार्च रोज पहाटेचं आणि दुपारचं तापमान वहीत लिही, दोन सीझन तरी. वायनरीशी करार कागदावर असल्याशिवाय एक काडीसुद्धा लावू नको. वहिनींचं सोनं तर अजिबात मोडू नकोस, तुझ्या डोक्यात ते आलंच असणार, मी ओळखतो तुला. काका-काकूंना नमस्कार सांग, आणि पहिल्या महिन्याचे आकडे झाले की वहीचा फोटो पाठव.

तुझाच,
नित्या