टीजेवाल्या ताई, तुमच्यासाठी

ताई, नाव टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण हे चारचौघांत सांगायचंच होतं.

पुण्याहून अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हाच) आलो तेव्हा पोरगा सातवीत होता, आणि थॉमस जेफरसन हायस्कूल, म्हणजे सगळे टीजे म्हणतात ती, सरकारी शाळा आहे हे आम्हाला खरंच वाटेना. सायन्स टेक्नॉलॉजीची एवढी नावाजलेली शाळा म्हणजे डोनेशन आलंच की! तुम्ही सांगितलंत, फी नाही, १९८५ पासून चालू आहे, फेअरफॅक्स काउंटीत असली तरी लाउडनची मुलं अर्ज करू शकतात. आम्ही एंट्रन्सचे क्लास शोधत होतो तर म्हणालात, अहो ती परीक्षा २०२० मध्येच काढली, आता मार्क, आठवीपर्यंत अल्जेब्रा आणि मुलाने स्वतः लिहिलेलं बघतात.

आणि मग दर रविवारी त्याला घरी बोलवून नुसतं बोलतं केलंत. तुळशीला आपोआप पाणी घालायला त्याने आर्डुइनो नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर काहीतरी जोडलं होतं, त्यावर तुमचे प्रश्न, हे का केलंस, बिघडलं तेव्हा आधी काय तपासलंस. एक वाक्यही लिहून दिलं नाहीत, तोच लिहायला लागला.

मला सगळ्यात जास्त हे सांगायचंय की तुमची लेक तेव्हा त्याच्याच मिडल स्कूलमध्ये, त्याच्याच वर्गात होती. टीजेत प्रत्येक मिडल स्कूलला आठवीच्या दीड टक्के मुलांइतक्याच जागा ठरलेल्या, पुढे सगळ्यांची मिळून चुरस, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं, तरी दोघांना एकाच टेबलावर बसवून सारखंच शिकवलंत, हातचं काही राखलं नाहीत. त्याला अ‍ॅडमिशन मिळाली, तिला नाही मिळाली, आणि त्या संध्याकाळी अभिनंदनाचा पहिला फोन तुमचाच. मला तर काय बोलावं तेच सुचेना. ती आता लीसबर्गला अकॅडमीज ऑफ लाउडनमध्ये इंजिनिअरिंग करतेय, एक दिवस तिथे एक दिवस तिच्या नेहमीच्या हायस्कूलला, आणि खूश आहे हे ऐकून इतकं बरं वाटलं.

आमच्या पोराला टीजेत नववीला बायोलॉजी, इंग्लिश आणि टेक्नॉलॉजीचे शिक्षक एकत्र मिळून शिकवतात, बुधवार शुक्रवार आठव्या तासाला क्लब असतात. तिथल्या मुलांनी बनवलेला सॅटेलाइट २०१३ मध्ये अवकाशात गेला हे तो येईल त्याला सांगतो.

आता आमच्या गल्लीतल्या दोन आया मला विचारतात. रविवारी त्यांची मुलं माझ्याकडे येतात, प्रश्न तुमचेच विचारते. थँक्यू ताई, अगदी मनापासून.