धोका दिसतो, तरी पाय का निघत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठी कंपनी बुडाली की ‘त्यांना बदल ओळखता आला नाही’ असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वाळूजच्या एमआयडीसीत पंचवीस वर्षे जॉबवर्क, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग बनवून देण्याचे काम, करणाऱ्या माझ्यासारख्या लघुउद्योजकाला हे पटत नाही, कारण धोका बहुतेक वेळा त्यांनाच सर्वांत आधी कळलेला असतो.

डिजिटल कॅमेरा 1975 साली बनवला तो कॅमेऱ्याची फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने. फिल्मची जागा डिजिटल घेईल, पण तयारीला सुमारे दहा वर्षे हाताशी आहेत, असे 1981 साली कंपनीच्याच अंतर्गत अभ्यासात नोंदवले गेले होते. पुढे तिने डिजिटल कॅमेरे विकलेही. पण फिल्म, ती धुण्याची रसायने आणि छपाईचा कागद यांतून मिळणारा नफा त्यांत नव्हता, आणि जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली. विहिरीचे पाणी खोल चालल्याचे आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला दिसते. तरी कारखान्याला जाणारा उभा ऊस कोणी मोडत नाही, तसेच हे.

आमच्या वाळूजला 1985 पासून ज्या कंपनीमुळे ओळख मिळाली, त्या बजाजची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, त्याच काळात हीरो होंडाची मोटारसायकल आली. बजाजही उशिरा का होईना मोटारसायकलकडे पूर्णपणे वळली आणि 2001 च्या पल्सरने तिला सावरले. मात्र 2009 मध्ये तिने स्कूटर बंद करायचे ठरवले, तेव्हा बिनगिअरच्या अ‍ॅक्टिव्हा रस्तोरस्ती दिसत होत्या. ज्या स्कूटरने नाव दिले, तिच्याकडे परतायला 2020 ची विजेवरची चेतक यावी लागली. एकदा बदल पचवलेली कंपनी दुसऱ्या वेळीही तो पचवेलच, असे नाही.

माझ्या मते अडचण हिशेबाच्या पद्धतीत आहे. नवी वस्तू सुरुवातीला कमी खपते, तिच्यात नफा जेमतेम असतो आणि ती चालत्या मालाचेच गिऱ्हाईक खाते. शिवाय तिच्यावर खर्च करायचा की नाही हे ठरवणाऱ्यांची बढती याच तिमाहीच्या विक्रीवर अवलंबून असते. काही वर्षांपूर्वी परगावच्या एका ग्राहक-कंपनीच्या व्हेंडर (पुरवठादार) बैठकीत मी विचारले होते, की विजेच्या गाड्या आल्यावर आमच्या इंजिनाच्या सुट्या भागांचे काय? ‘आधी या महिन्याचे शेड्यूल पूर्ण करा’ असे उत्तर मिळाले. खरे सांगायचे तर मीही तेच केले, आणि त्याच भागांसाठी कर्ज काढून आणखी एक सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे) मशीन घेतले.

विजेच्या दुचाकीत पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही, सायलेन्सर नाही. हे वाळूजमध्ये कोणालाही नव्याने सांगावे लागत नाही. मोठी कंपनी चुकली तरी तिच्याकडे जमीन असते, रोकड असते. शेडमधल्या दहा-बारा कामगारांच्या युनिटकडे फक्त हप्ते असतात. म्हणून मोठ्या कंपन्यांनी कोणता भाग आणखी किती वर्षे लागणार, याचा अंदाज आपल्या पुरवठादारांना दरवर्षी लेखी द्यावा, आणि बँकांनी मशीनचे कर्ज मंजूर करण्यापूर्वी तो मागून घ्यावा, एवढी मागणी आपल्या दैनिकातून पुढे जावी, ही विनंती.

आपला,
एक लघुउद्योजक, वाळूज, छत्रपती संभाजीनगर