मोजपट्टीबद्दल आभार

आदरणीय प्रशिक्षक ताई,

सप्रेम नमस्कार.

दिव्यांग ग्राहकांच्या सेवेचं प्रशिक्षण म्हटलं की बहुतेक वेळ 'सहानुभूती बाळगा' यातच जातो. तुम्ही आम्हा व्यवस्थापकांच्या हातात मोजपट्टी दिलीत, म्हणून हे पत्र.

व्हीलचेअरच्या उताराचं 1:12 हे प्रमाण, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी, आम्हाला पाठ होतं. पण 15 सेंटिमीटरच्या एकाच पायरीला 1.8 मीटर लांब उतार लागतो, हे तुम्ही खडूने फरशीवर आखलंत तेव्हा उमगलं. त्याच पायरीला 60 सेंटिमीटरची फळी टेकवली तर चढ जवळपास 1:4 होतो आणि व्हीलचेअर मागे कलंडू शकते. फळी ठेवणाऱ्याला मात्र सोय केल्याचं समाधान!

मग ती स्वच्छतागृहातली, मदतीला बोलावण्याची लाल दोरी. तिचं टोक जमिनीपासून 10 सेंटिमीटरवर हवं, कारण ती ओढायची पाळी येते खाली पडलेल्या माणसावर. फरशी पुसताना मध्ये येते म्हणून कुणीतरी ती दांड्याला गुंडाळून गाठ मारतं. इमारत बांधणाऱ्याने नियम पाळलेला, मोडला तो पोछ्याने. व्हीलचेअर वळायला सोडलेल्या 1.5 मीटरच्या जागेत मालाची खोकी येतात, तेही असंच. म्हणून सकाळच्या फेरीत दोरी, वळणाची जागा आणि उताराचा पायथा बघायचाच, हे तुम्ही ठरवून दिलंत.

संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क कराराचं नववं कलम तुम्ही वाचून घेतलंत. लोकांसाठी खुली सेवा देणाऱ्या खासगी संस्थांची सुगम्यता त्यात येते, आणि संबंधितांना प्रशिक्षण देणंही. 'आमची काही सरकारी कचेरी नाही' ही पळवाट तिथेच बुजली.

बोलण्याच्या बाबतीत तर तुम्ही आमच्या बऱ्याच सवयी मोडल्यात. ओठ वाचणाऱ्या ग्राहकाला 'पान', 'भान' आणि 'मान' सारखेच दिसतात. ओरडलं की ओठांचा आकार आणखी बिघडतो. तेव्हा वाक्य बदलून सांगायचं, रक्कम लिहून द्यायची आणि खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, नाहीतर चेहरा अंधारात जातो. सोबत दुभाषी असला तरी बघायचं ग्राहकाकडे. अंध ग्राहकाचा हात धरून ओढायचं नाही. आधी विचारायचं, मग आपलं कोपर पुढे करायचं, अर्धं पाऊल पुढे चालायचं. जिना आला की तो चढायचा की उतरायचा ते सांगायचं. 'तिकडे आहे' याला काही अर्थ नाही, 'उजव्या हाताला, दोन पावलांवर' याला आहे. आणि निघताना 'मी जातो' म्हणायचं, नाहीतर माणूस रिकाम्या जागेशी बोलत राहतो.

डोळ्यांवर पट्टी बांधून फिरवण्याचा खेळ घेतला नाहीत, हे फार बरं केलंत. त्यातून पहिल्या दहा मिनिटांची भीती कळते, वर्षानुवर्षांचं कौशल्य नाही. त्याऐवजी स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या सहप्रशिक्षकांनी काउंटरची उंची तपासली, त्यांचेही आभार.

एक विनंती. पुढच्या तुकडीत सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचाऱ्यांनाही घ्या. दाराशी पहिली गाठ रक्षकाशी पडते, आणि दोरीची गाठ कुणाच्या हाती असते ते तुम्ही सांगितलंच आहे.

आपले कृतज्ञ,
तुमच्या वर्गातले व्यवस्थापक