पिवळं मागू नकोस

पुणे, १४ डिसेंबर २०२५

प्रिय वैजू,

चित्राचा फोटो पाठवला तर तुझा पहिला प्रश्न, "हे सरळ कसं धरायचं?" खूप हसले. पण याचं उत्तर व्हॉट्सॲपवर मावणार नाही, म्हणून हे पत्र. अक्षर चालवून घे.

जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरीकडे जीबीएसची, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची, साथ आली, त्यात मी सापडले, एवढं तुला माहीत आहे. आधी जुलाब, मग काही दिवसांनी जिना चढवेना. जंतूशी लढता लढता शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. इम्युनोग्लोब्युलिनची महागडी औषधं चालू होती, तरी लुळेपणा पायांकडून चढत चेहऱ्यापर्यंत आला. पापण्या मिटेनात. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून सिस्टर मलम घालून वर मायक्रोपोरची, म्हणजे पातळ कागदी चिकटपट्टीची, पट्टी लावायच्या. शुद्ध मात्र पूर्ण होती. हे कुणाला खरंच वाटत नाही!

त्या पट्टीतून दिसायचं ते दुधात चिमूटभर हळद पडावी तसं. आकार नाही, कड नाही. कुणी जवळ आलं की एक बाजू काळवंडायची, गेलं की पुन्हा उजळायची. अविनाशला मी बामच्या वासावरून ओळखायचे.

घरी आल्यावर सगळ्यांचं एकच, पूर्वीसारखी पर्वती काढ, लकडी पूल काढ. मी हॉस्पिटलची खोली काढून पाहिली. कॉट, सलाइनचा स्टँड, खिडकी. सगळं जागच्या जागी आणि सगळं खोटं, कारण ती खोली मी तशी पाहिलीच नव्हती. मग जे पाहिलं होतं तेच काढायला घेतलं.

ब्रश चिमटीत टिकत नव्हता. पॅलेट नाइफ, म्हणजे रंगाची बोथट सुरी, मुठीत धरता येतो, आणि हार्डवेअरच्या दुकानातला छोटा रोलरही. अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार गायतोंडेही रोलर आणि नाइफनेच रंग लावत, पण ती त्यांची निवड, माझी अडचण. फ्रेंच चित्रकार मातीसनेसुद्धा १९४१च्या ऑपरेशननंतर पुढे कात्री आणि रंगवलेले कागद हाती घेतले. लोक लगेच म्हणतात, आजाराने कला दिली. मला हे अजिबात पटत नाही. आजाराने मला फिजिओथेरपीची बिलं दिली.

पांढऱ्या झिंक व्हाइटमध्ये मातकट पिवळा यलो ऑकर, पातळ थर, वाळला की दुसरा, मग खरवडायचं. कडेला मास्किंग टेप लावते आणि शेवटी ओढून काढते. तो चर्रर्र आवाज झाला की पापण्या आपोआप मिटतात. मिटतात, वैजू! पहिल्यांदा ते लक्षात आलं तेव्हा मी तीच पट्टी पुन्हा चिकटवून पुन्हा ओढली.

खाली चार बोटं कॅनव्हास कोरा आहे, तो विसरून राहिलेला नाही. तळव्यांना अजून मुंग्या येतात, नीट काही कळत नाही. तिथे कुठला रंग लावायचा ते मला ठरवता येत नाही.

संक्रांतीला येतेस ना? हे चित्र मिळणार नाही, आधीच सांगते. तुझ्या हॉलसाठी दुसरं करते, पण पिवळं मागू नकोस. आणि हो, सरळ धरायची बाजू मागे पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.

तुझीच,
मंजू