मन्या, आपला डी ड्राइव्ह

मन्या लेका,

दिवाळीनंतर मी काही लिहिलं नाही, तूही नाही, म्हणजे फिट्टंफाट. तब्येती ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, बाबांची शुगर कंट्रोलमध्ये (असं ते म्हणतात). आता मुद्द्यावर येतो, कारण हे इथे कुणालाही सांगितलं तर "मग गूगलवर शोध ना पीडीएफ" म्हणून मोकळे होतात.

कॉलेजने शेवटी नवा डेस्कटॉप दिला. झोटेरो टाकलं (तेच आपलं संदर्भांची यादी आणि पीडीएफ सांभाळणारं सॉफ्टवेअर), आपलं जुनं कॉमन अकाउंट लावलं, सिंक झालं आणि सगळ्या एंट्र्या झरझर खाली आल्या, लायलचं 1870 चं वऱ्हाडचं गॅझेटिअर, खामगावचा कापूस बाजार, निजामाचा 1853 चा करार, 1902 चा करार, तुझे ते भडक रंगाचे टॅगसुद्धा. म्हटलं वा! लायलवर डबल क्लिक केलं तर फाईल सापडत नाही. दुसरी उघडली, नाही. तिसरी, नाही. पाथ बघतो तर डी ड्राइव्हचा, आणि ह्या मशीनला डी ड्राइव्हच नाही रे. मशीन बसवायला आलेल्या पोराने सगळी मिळून एकच सी ठेवलीय आणि वर मलाच विचारतो, "सर, डी कशाला लागते?"

होस्टेलच्या गॅलरीतला राडा आठवतोय ना? मी म्हणत होतो फाईली झोटेरोच्या पोटातच टाकू, स्टोअर्ड. तू म्हणालास, छे, आत स्टोरेज फोल्डर उघडलं की आठ-आठ अक्षरांच्या अगम्य नावांचे फोल्डर, त्यात माणसाने काय शोधायचं, त्यापेक्षा आपले जिल्हावार फोल्डर आणि झोटेरोतून नुसती लिंक. वर फुकटात 300 एमबी, त्यात आपले स्कॅन काय बसणार. तो शेवटचा मुद्दा तुझा आजही बरोबर आहे, बाकीचं भाषण होतं. कारण लिंक केलेली फाईल झोटेरो सिंक करतच नाही, फक्त तिचा पत्ता सिंक करतं. घर हललं तरी पोस्टमन जुन्याच दाराची कडी वाजवत बसतो, तसं चाललंय आत्ता. (हे तुझ्या लग्नात तुला ऐकवणार होतो, वहिनी समोर होत्या म्हणून सोडलं.)

याला उपाय आहे, बेस डिरेक्टरी म्हणून सेटिंग असतं. एकदा सांगितलं की आपल्या फाईलींचा मुख्य फोल्डर हा, की झोटेरो त्याच्या आतल्या लिंका पूर्ण पत्त्याऐवजी त्या फोल्डरापासूनच्या करून ठेवतं. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच फोल्डर सीमध्ये असो नाहीतर मॅकवर यूजर्सच्या आत कुठेतरी, तिथे फक्त तिथला पत्ता द्यायचा. गोची अशी की हे आधी जुन्या मशीनवर करावं लागतं, जिथे त्या लिंका अजून चालतायत. आणि माझ्या लॅपटॉपचा डिस्प्ले गेलाय. मशीन चालू होतं, पंखा घरघरतो, समोर काळोख.

शेवटी एचडीएमआय केबल आणून हॉलमधल्या टीव्हीला जोडला. बाबांची मॅच चालू होती. त्यांना उठवलं नाही, नुसतं "पाच मिनिटं" म्हणालो आणि पुढचा तासभर ते सोफ्यावर बसून आपली लायब्ररी बघत होते. भिंतीएवढी झोटेरोची यादी, कर्सर कुठे हरवला कळत नाही, मी चटईवर लॅपटॉप घेऊन आंधळेपणाने पॅड घासतोय, आणि बाबा विचारतात, "हे शेअर बाजाराचं आहे का?" म्हटलं नाही, कापसाचं आहे. म्हणाले, "मग भाव कुठेय?"

असो, सेटिंग झालं, सिंक केलं, फाईली हार्ड डिस्कवरून नव्या मशीनवर ओतल्या, तिथे बेस डिरेक्टरी दिली आणि लायल उघडला! मी एकटाच स्टाफरूममध्ये टाळी वाजवली.

पण बऱ्याच फाईली अजून रुसलेल्याच होत्या, आणि त्यातल्या बहुतेक तुझ्या. माझ्या डिस्कच्या बॅड सेक्टरने खाल्लेल्या फाईली तू मॅकवरून झिप करून पाठवल्या होत्यास ना, त्या. फाईल फोल्डरात डोळ्यांना दिसतेय, नाव तेच, "वऱ्हाडातील सरकी", लिंकमध्येही तेच, तरी म्हणे सापडत नाही. अर्धा दिवस गेला तेव्हा कळलं की ऱ आपला घात करतोय. लिंकमध्ये तो एकच अक्षर आहे, आणि मॅकच्या जुन्या डिस्क फॉर्मॅटने नाव साठवताना त्याचा र आणि नुक्ता (खालचा टिंब) असे दोन तुकडे केले, ते झिपमधून तसेच इकडे आले. दिसायला सेम, विंडोजच्या लेखी दोन वेगळी नावं. भर म्हणून काही कीबोर्ड हाच वऱ्हाडातला ऱ साध्या र ला हलन्त लावून मध्ये न दिसणारा जॉइनर घालून काढतात, म्हणजे तिसरा प्रकार. आपण विषयच वऱ्हाड घेतला, काय बोलणार. तर इथून पुढे फाईलचं नाव रोमनमध्ये, लेखक आणि साल, बास. मराठी शीर्षक आत एंट्रीत राहील, तिथे त्याला काही होत नाही. तुझा स्वाभिमान दुखावेल, दुखावू दे.

आता खरी विचारायची गोष्ट. मला हे लिंकांचं प्रकरण कायमचं संपवायचंय. झोटेरोत लिंक्डचं स्टोअर्ड करायची सोय आहे, फाईलींच्या प्रती आत घेतो. मूळ फाईली उडवू का असं विचारतो, तिथे मी नाही म्हणेन, म्हणजे तुझे जिल्हावार फोल्डर हार्ड डिस्कवर सुखाने नांदतील. मग डेटा फोल्डर, म्हणजे ती झोटेरोची एसक्यूलाइट फाईल (सगळ्या एंट्र्यांचा डेटाबेस) आणि स्टोरेज, एवढं उचललं की सगळं उचललं. झोटेरो बंद करून कॉपी करायचं, नव्या मशीनवर ठेवायचं, संपलं. तू म्हणशील तो फोल्डर सरळ गूगल ड्राइव्हमध्ये ठेवू. अजिबात नाही. चालू डेटाबेस दोन मशीनवरून ड्राइव्ह सिंक करायला लागलं की तो कधीतरी करप्ट होणारच, झोटेरोवाले स्वतः नको म्हणतात. 300 एमबीचं काय, तर तुझी युनिव्हर्सिटी वेबडॅव्ह (म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर फाईली ठेवायची सोय) देत असेल तर फाईली त्यावर सिंक होतील, नसेल देत तर हार्ड डिस्क झिंदाबाद. अमेरिकेतल्या इतिहासवाल्यांनीच 2006 साली झोटेरो काढलं, आपल्यासारख्या भुक्कड लोकांची सोय करून ठेवलीय त्यांनी.

आणि हो, "नुसत्या पीडीएफ पाठव" असं म्हणू नकोस. झोटेरोच्या रीडरमध्ये केलेलं हायलाइट पीडीएफमध्ये नसतं, डेटाबेसमध्ये असतं. लायलवर तू पिवळ्याने जे रंगकाम केलंयस आणि मार्जिनमध्ये मला ज्या शिव्या दिल्यायस, ते सगळं नुसत्या फाईलबरोबर येणार नाही. शिव्या गेल्या तर चालतील, पण कापसाच्या आकड्यांवरच्या तुझ्या नोंदी मला पाहिजेत.

तुझं काय? व्हिसाचं झालं का? वहिनींना जॉब लागला असं आईकडून कळलं, तू सांगितलं नाहीस. पोरगी मराठी बोलते की नुसतं जर्मन? थंडीत सांभाळ.

तर कन्व्हर्ट करू की नको ते मेलवर नीट लिहून कळव, व्हॉट्सॲपवर तू अंगठा दाखवून सुटतोस. आणि तोपर्यंत तुझ्या मशीनवर कुठल्याही फाईलचं नाव बदलू नकोस, विशेषतः त्या सरकीचं.

तुझा,
बाळ्या