डाग्मारचं माहेर

कोपनहेगन, १६ नोव्हेंबर

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणालीस, "मामा गेल्यापासून मला त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही." मग लगेच लाडवांवर बोलायला लागलीस. मी काहीच बोलले नाही, पण रात्रभर ते वाक्य मनातून गेलं नाही. म्हणून पत्र लिहायला बसलेय.

इथे ब्रेडगेड रस्त्यावर एक रशियन चर्च आहे, वर तीन सोनेरी घुमट. डेन्मार्कमध्ये रशियन चर्च कसं, म्हणून मी शोधायला लागले आणि डाग्मार भेटली. ही इथल्या राजाची मुलगी, जन्म १८४७ चा, जवळच अमालियेगेडवरच्या पिवळ्या वाड्यात. वाडा म्हणायचा एवढंच, वडील तेव्हा राजे झाले नव्हते आणि पैसा बेताचाच होता. मुली आपले कपडे स्वतः शिवायच्या. थोरली अलेक्झांड्रा आणि ही, दोघींची खोली एकच. १८६३ मध्ये अलेक्झांड्रा इंग्लंडच्या युवराजाशी लग्न करून गेली. डाग्मारचं रशियाच्या युवराजाशी, निकोलसशी ठरलं. ती रशियन शिकायला लागली आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये तो फ्रान्समध्ये नीसला आजारपणात गेला. ती तिथेच होती. १७ वर्षांची! पुढच्या वर्षी त्याच्या धाकट्या भावाने, अलेक्झांडरने, तिला मागणी घातली.

सप्टेंबर १८६६ मध्ये ती जहाजात बसली. बंदरावर निरोपाच्या गर्दीत हान्स ख्रिश्चन अँडरसनही उभे होते. नोव्हेंबरमध्ये सेंट पीटर्सबर्गच्या विंटर पॅलेसमध्ये लग्न लागलं. त्याआधी धर्म बदलावा लागला आणि नावही. डाग्मारची झाली मारिया फिओदोरोव्ना. फिओदोरोव्ना म्हणजे फिओदोरची मुलगी, आणि तिच्या वडिलांचं नाव तर ख्रिश्चन! आई, हे वाचलं तेव्हा मला तुझ्या लग्नाचा तो फोटो आठवला. ताटातल्या तांदळात बाबा अंगठीने नाव लिहितायत आणि तू खाली बघतेयस. तुझंही नाव गेलं आणि आजोबांचंही मधून गेलं. बाबा, तुमच्यावर राग नाही, तेव्हा सगळीकडे असंच होतं. पण वीस वर्षं ज्या नावाला ओ दिली, ते एका दुपारी पुसलं गेलं याचं मला फार वाईट वाटतं.

डाग्मारला माहेरची माणसं मात्र कायम 'मिनी'च म्हणत राहिली. आणि बाबा, तुमच्यासाठी खरं सांगायचं ते हे: तिचा नवरा पुढे झार झाला, तिसरा अलेक्झांडर. बापाचा बॉम्बने खून झालेला, स्वतःच्या जिवालाही धोका. तरी तो जवळजवळ दरवर्षी बायकोबरोबर तिच्या माहेरी, फ्रेडेन्सबोर्गला यायचा. तिथे पोराबाळांत खेळायचा. अलेक्झांड्रा इंग्लंडहून यायची, भाऊ ग्रीसहून. झारला ते घर मनापासून आवडायचं. मी मागच्या महिन्यात फ्रेडेन्सबोर्गच्या बागेत जाऊन आले. मोठी लिंडनची झाडं (इंग्रजीत लाइम म्हणतात, पण आपलं लिंबू नव्हे), पिवळी पानं, आणि मला सारखं गुहागरचं अंगण दिसत होतं.

पुढचं वाचवत नाही. ४६ व्या वर्षी ती विधवा झाली. चार मुलगे, चौघेही तिच्या आधी गेले. त्यातला शेवटचा झार निकोलस १९१८ मध्ये बायको आणि पाच मुलांसकट मारला गेला, हे तिने शेवटपर्यंत मानलं नाही. १९१९ मध्ये इंग्रज युद्धनौकेतून क्रिमियाबाहेर पडली आणि अखेर इथेच आली, बहिणीबरोबर घेतलेल्या समुद्राकाठच्या घरात. १९२८ मध्ये तिथेच गेली. रोस्किल्डच्या कॅथेड्रलमध्ये, माहेरच्या माणसांत, ७८ वर्षं होती. मग २००६ मध्ये तिची शवपेटी जहाजाने सेंट पीटर्सबर्गला नेली आणि नवऱ्याशेजारी ठेवली.

ती शेवटी कुणाची, असं इथल्या एका मैत्रिणीने मला विचारलं. मला तो प्रश्नच पटला नाही. दोन्हीकडची होती, दोन्हीकडे तिची जागा राखलेली होती. तशी जागा आईची गुहागरला आहे, आणि गेली सहा वर्षं आपण तिकडे फिरकलो नाही. गुडघे, रस्ता, पाहुणे, दर वेळी काहीतरी निघतं.

बाबा, चिपळूणपर्यंतची तिकिटं मी काढते, पुढे गाडी सांगते. जानेवारीत जा, थंडीही बरी असेल. आईला नुसतं गाडीत बसवून देऊ नका, तुम्हीही बरोबर जा आणि चांगले आठ दिवस राहा.

मामीला मी फोन केलाय. खूप हरखली. म्हणाली, माळ्यावर आईची शाळेची पत्र्याची पेटी अजून आहे, झाकणावरचं नाव स्पष्ट वाचता येतं.

तुमची लेक