ब्राऊनच्या गोष्टीबद्दल मॅडमना मनापासून थँक्यू

मॅडम, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हणून झालंय पण ते फारच घाईत झालं, म्हणून इथे सगळ्यांसमोर नीट लिहितेय.

अमेरिकन लेखक नथॅनियल हॉथॉर्नची 'यंग गुडमन ब्राऊन', १८३५ ची गोष्ट. सेलम गावातला ब्राऊन एका रात्री सैतानाला भेटायला जंगलात जातो आणि तिथे त्याला गावातली सगळी धार्मिक माणसं सैतानाच्या सभेला आलेली दिसतात. गाइडं उघडली की सगळीकडे एकच प्रश्न, जंगलातलं ते सगळं खरं होतं की स्वप्न? दोन्हीकडचे पॉइंट्स पाठ करा आणि मोकळे व्हा. तुम्ही मला तुमची स्वतःची प्रत वाचायला दिलीत आणि त्यात रिबिनीच्या परिच्छेदाशेजारी तुमच्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "मग सकाळी टोपीवर कशी?" त्या एका ओळीने माझी अख्खी गोष्ट बदलली. बायकोची, फेथची, गुलाबी रिबीन वरून तरंगत येते, फांदीला अडकते, ब्राऊन ती हातात घेतो आणि माझी फेथ गेली म्हणून आक्रोश करतो, आणि सकाळी सेलमच्या रस्त्यावर तीच फेथ त्याच रिबिनी लावून आनंदाने धावत येते तर हा तिच्याकडे कठोरपणे बघतो आणि साधी विचारपूसही न करता पुढे निघून जातो! ज्या पुराव्यावर त्याने बायकोला दोषी धरलं तो तिच्या डोक्यावर जसाच्या तसा आहे, तरी त्याला शंका येत नाही.

मग तुम्ही १६९२ चे सेलमचे चेटकिणींवरचे खटले समजावून सांगितलेत. अमक्या बाईची आकृती येऊन मला छळते असं कुणी म्हटलं की कोर्ट ते पुरावा म्हणून धरायचं, ती बाई तेव्हा स्वतःच्या घरी का असेना. सैतान निष्पाप माणसाचंही रूप घेऊ शकतो हे इन्क्रीज मॅथर या पाद्र्याने लिहून मांडलं, पण तोवर १९ जण फासावर गेले होते. आणि त्या मॅजिस्ट्रेटांपैकी एक जॉन हॅथॉर्न, लेखकाचाच खापरपणजोबा. गोष्टीत जंगलात दिसणारी मार्था कॅरियर तर खरोखर फाशी गेलेली बाई. हे कळल्यावर माझं तरी मत पक्कं झालं की ही गोष्ट गावाच्या ढोंगाची कमी आणि ब्राऊनच्या निवाड्याची जास्त आहे. रात्री अंधारात जे दिसलं त्यावर तो डीकन (चर्चचा पदाधिकारी), पाद्री, लहानपणी धर्माचे धडे शिकवणारी म्हातारी क्लॉइज, सगळ्यांना दोषी ठरवतो आणि मरेपर्यंत माघार घेत नाही. लपलेलं पाप शोधायला निघालेल्या माणसाला स्वतःचं पाप दिसतच नाही, कारण सैतानाला भेटायला घरातून तो स्वतः निघाला होता, बायको नको जाऊ म्हणत असताना.

हॉथॉर्नचीच 'द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेल' (पाद्र्याचा काळा पडदा) ही गोष्ट शेजारी ठेवून वाच हेही तुम्हीच सुचवलंत. पाद्री हूपर काळा पडदा आधी स्वतःच्या तोंडावर घेतो, आणि मरताना म्हणतो मला प्रत्येक चेहऱ्यावर काळा पडदा दिसतो. फरक केवढा! पण त्याचं जिच्याशी लग्न ठरलं होतं त्या एलिझाबेथला एकदाही चेहरा दाखवत नाही याचा मला अजूनही राग येतो, आणि त्यावर तुम्ही माझ्याशी रात्री उशिरापर्यंत वाद घातलात, मला गप्प न करता, एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतरही.

मॅडम, एवढा वेळ कोण देतं हो? माझा पेपर त्या पेन्सिलीच्या ओळीवरच उभा आहे. आता हॉथॉर्नचीच 'एथन ब्रँड' वाचायला घेतलीये, पुस्तक परत द्यायला येईन तेव्हा त्यावर बोलूच.